वेलिंकरांचं डॉल्फिन

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. शिपाई गेले, खेचरं हाकणारे गेले, स्वयंपाकी, भिस्ती, मजूर गेले. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतून हिंडताना शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यापैकी इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. नावं नाहीत, आकडा आहे. हे सगळे जमिनीवर, चिखलात आणि खंदकात लढले. पण त्याच युद्धात आपली काही माणसं आकाशातही होती, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलेलं नाही.

ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधून प्रत्यक्ष लढाईत उडालेले म्हणून चार भारतीय तरुणांची नावं घेतली जातात. पंजाबचे हरदित सिंग मलिक, बंगालचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन, आणि चौथे आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर. इंग्रजी दफ्तरात त्यांचं नाव 'श्री कृष्ण चंदा वेलिंकर' असं तीन-चार तुकड्यांत लिहिलेलं आहे. आज बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या विमानाविषयी. ते विमान गेल्या हिवाळ्यात आमच्या नेरुळच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर तयार झालं. आठ इंचांहून किंचित रुंद आणि साडेपाच इंचांहून किंचित लांब.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या काळात फौजेत अधिकारी व्हायचं तर राजाची सनद लागे, आणि ती लढाऊ अधिकाऱ्याच्या हुद्द्यासाठी हिंदी माणसाला मिळत नसे. सुभेदार व्हा, रिसालदार व्हा, पण काल मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटलाही सलाम ठोका, असा तो रिवाज. विमान चालवणारे बहुतेक अधिकारीच असत. म्हणजे ते दार आपोआप बंद. हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डला शिकलेले, क्रिकेट आणि गोल्फ उत्तम खेळणारे. इंग्रजांनी नकार दिला तेव्हा ते फ्रेंचांच्या रेड क्रॉससाठी रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच त्यांना आपल्या विमानदलात घ्यायला तयार झाले. त्यावर त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी फ्लाइंग कोअरच्या जनरल हेंडरसनना पत्र लिहिलं. साम्राज्याचा एक प्रजाजन फ्रेंचांकडून लढणार आणि आपण त्याला नको म्हणणार, हे बरं दिसतं का, असा त्याचा एकूण सूर. १९१७ साली दार किलकिलं झालं, ते असं. मलिक पगडीवर बसेल असं भलंमोठं खास शिरस्त्राण करून घेऊन उडाले, पायात गोळी लागूनही वाचले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले आणि १९८५ साली वारले. सेन सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती लागले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. इंद्रलाल रॉय यांची गोष्ट सर्वांत झगमगीत. जुलै १९१८ च्या जेमतेम दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला ते पडले. वय अवघं १९. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

या तिघांच्या मध्ये आपले वेलिंकर झाकले गेले. मुंबईत जन्म, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिक्षण, तिथून फ्लाइंग कोअर. १ एप्रिल १९१८ रोजी फ्लाइंग कोअर आणि आरमाराचं विमानदल एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन झालं. वेलिंकर या नव्या दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लेफ्टनंट होते. या तुकडीकडे सॉपविथ कंपनीची 'डॉल्फिन' नावाची विमानं होती. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जूनला वारले. वयानं माझ्या मुलीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच मोठे असतील. मनात त्यांच्याविषयी 'तो' असंच येतं. पण शंभर वर्षांत त्यांना घरचं कुणी 'अहो' म्हणालेलं नाही, तेव्हा आपण तरी म्हणू या.

आता विमानाबद्दल. माझा भाचा इंग्लंडात असतो. "मामू, तुम्ही त्या वेलिंकरांबद्दल बोलत असता ना, हे घ्या," असं म्हणून त्यानं एक खोकं पाठवलं. प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकवलेले सुटे भाग आणि चित्रांची एक पुस्तिका. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. हे प्रमाण मला फार आवडलं, कारण हिशेब सोपा: एक फूट म्हणजे पाव इंच. खऱ्या डॉल्फिनचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेबत्तीस फूट होते. आमच्या इमारतीच्या आवारात दोन मोटारी एकामागे एक उभ्या राहतात, साधारण तेवढी जागा. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात दीड इंचही भरत नाही.

पुस्तिका न वाचता भाग जुळवायला घेतले तर माणूस पहिल्याच पानावर चकतो, कारण हे विमान उलटं वाटतं. दुपंखी विमानात वरचा पंख सहसा खालच्या पंखाच्या पुढे असतो. डॉल्फिनमध्ये तो मागे आहे. आणि वरच्या पंखाच्या ऐन मध्यावर कापड नाही, नुसती लोखंडी चौकट. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर येतं. मुलगी शेजारी बसून खालचा पंख घासत होती. तिनं विचारलं, "अब्बा, ह्याचं डोकं पंखातून बाहेर का काढलंय?"

प्रश्न अगदी नेमका आहे. सॉपविथचे रचनाकार हर्बर्ट स्मिथ यांनी १९१७ साली हे विमान आखलं तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हवेतल्या लढाईत जो आधी पाहतो तो वाचतो. वरचा पंख डोक्यावर छपरासारखा असला की सूर्याच्या बाजूनं येणारा शत्रू दिसत नाही. म्हणून त्यांनी छपरालाच खिडकी पाडली आणि माणसाला तिच्यातून उभं केलं. वर आणि पुढे आभाळ मोकळं. वैमानिकांना सुरुवातीला ही रचना मुळीच आवडली नाही. उतरताना विमान उलटलं तर आधी जमिनीला काय लागणार? डोकं. पुढे काही विमानांच्या पंखावर संरक्षक कमानी बसवल्या गेल्या. त्यातून आकार इतका अनोळखी की सुरुवातीच्या दिवसांत दोस्तांच्याच वैमानिकांनी डॉल्फिनला जर्मन समजून हल्ले केले.

चार बंदुकांची सोय होती. इंजिनावर दोन व्हिकर्स, त्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडत. आणि त्या लोखंडी चौकटीवर वरच्या दिशेनं रोखलेल्या दोन लुईस. या लुईस बंदुका हिसका बसला की फिरून वैमानिकाच्या तोंडावर आदळत. बऱ्याच जणांनी त्या काढूनच टाकल्या. मीही माझ्या नमुन्यावर बसवल्या नाहीत. इंजिन हिस्पानो-सुइझा, दोनशे अश्वशक्तीचं, पाण्यानं थंड होणारं. त्याच्या दंतचक्रांनी फार छळलं, ती मोडत. पण त्याच इंजिनाचं गरम पाणी रेडिएटरकडे नेणाऱ्या नळ्या वैमानिकाच्या बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी जात, त्यामुळे ती जागा उबदार राही. वीस हजार फुटांपर्यंत जाणारं विमान, उघडी बैठक, पाठीवर पॅराशूट नाही. ब्रिटिश वैमानिकांना ते दिलंच जात नसे. ह्या सगळ्यात त्या दोन गरम नळ्यांचा मला फार आधार वाटला. मुंबईच्या मुलाला फ्रान्सच्या आभाळात तेवढीच घरची ऊब.

रंगाची कथा वेगळीच आहे. विमानाचा सांगाडा लाकडी आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड. हे कापड हातानं शिवायचं, चढवायचं काम इंग्लंडातल्या कारखान्यांत बहुतेक बायका करत. कापड चढवलं की त्यावर 'डोप' नावाचं द्रावण फासत. आपण साडीला खळ देतो तसं म्हणा. वास मात्र नेलपॉलिशसारखा, डोकं उठवणारा. ते वाळताना कापड आवळून डफासारखं ताठ होई. पण उन्हानं लिनन कुजतं, म्हणून वरून आणखी एक रंगीत थर देत. त्याचं सरकारी नाव पी.सी. १०. त्यात असे काय? पिवळी माती आणि काजळ. आपल्या पिवडीत काजळी कालवली तर जे होईल, ते. हा रंग नेमका हिरवा की तपकिरी यावर अशी विमानं बनवणारे शौकीन जगभर भांडत असतात. दोघंही खरे आहेत. ताजा असताना हिरवटपणा जास्त, ऊन खाऊन तपकिरीपणा जास्त, आणि कशात घोटला त्यावरही फरक. मला चिंचेच्या वाळक्या टरफलाचा रंग डोळ्यांसमोर आला, तोच मी धरला. विमानाची खालची बाजू न रंगवलेली, नुसत्या डोपची, जुन्या धोतरासारखी पिवळसर. उष्ण मुलुखांसाठी पी.सी. १२ नावाचा दुसरा थर होता, गेरूकडे झुकणारा, कडक उन्हाला जास्त पुरणारा. विमान मुंबईत उडालं असतं तर तोच लागला असता.

आमच्याकडे असलं काम पावसाळ्यात काढू नये. खाडीकाठची दमट हवा रंगात शिरते आणि वाळलेला रंग पांढुरका पडतो. असली खोड मूळच्या डोपलाही होती, म्हणून कारखान्यातल्या त्या खोल्या कोरड्या आणि उबदार ठेवाव्या लागत. मी डिसेंबर गाठला. पंखांवर आणि अंगावर गोल निशाणी: बाहेर निळा, मधे पांढरा, आत लाल. शेपटीच्या सुकाणूवर तीन उभे पट्टे, निळा पुढे. खोक्यात चिकटवायचे क्रमांक होते, ते सगळे इतर वैमानिकांच्या विमानांचे. त्यांतला एखादा लावून वेलिंकरांचं विमान म्हणणं मला पटेना. क्रमांकाची जागा मी कोरी ठेवली.

शेवटी तारा. दुपंखी विमान हे खरं तर तारांनी बांधलेलं खोकं असतं. उडताना पंख वर ओढले जातात तेव्हा एका तिरक्या बाजूच्या तारा भार घेतात. जमिनीवर पंख खाली लोंबू पाहतात तेव्हा उलट्या तिरक्या बाजूच्या. एक सैल पडली की दुसरीवर ताण. ब्रिटिशांच्या तारा गोल नसत, चपट्या असत. मसुराचा दाणा मधोमध कापला तर जसा दिसेल तसा त्यांचा छेद, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी. पाव इंचाला एक फूट या हिशेबानं एवढी बारीक तार कुठून आणायची? दिवाळे गावातल्या एका दुकानात गळाचा तंगूस मिळतो. त्यातला सर्वांत बारीक मागितला. दुकानदार म्हणाला, "काका, ह्याला मासा नाही लागायचा." तोच घेतला. प्रत्येक टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढं फेविक्विक. पंधरा दिवस संध्याकाळी हेच चाललं होतं. तारा ओढता ओढता माणूस विचार करतो, आणि विचार पुन्हा पुन्हा त्या २७ जूनपाशी जाऊन थांबतो.

कारण पुढची हकिगत विमानाची नाही, नावाची आहे. वेलिंकर बेपत्ता झाले, एवढंच घरी कळलं. जर्मनांनी त्यांना रीतसर पुरलं, वर क्रॉस उभारला आणि त्यावर नाव लिहिलं: ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर. लेफ्टनंटचा जर्मन हुद्दा आणि कानावर पडलं तसं आडनाव. युद्ध संपल्यावर कबरी शोधणाऱ्यांना तो कुणी जर्मन वाटावा यात नवल नाही. एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं पाठपुरावा केला. असं जर्मन आडनाव असत नाही, हा आपला वेलिंकरच असणार, हे त्यानं लावून धरलं आणि अखेर ओळख पटली.

त्या 'वुमकर'मधला 'कर' पाहा. बाकी सगळं नाव मोडलं, पण 'कर' शाबूत राहिला. वेलिंग हे गोव्यात फोंड्याजवळचं गाव. तिथले ते वेलिंगकर, इंग्रजी कागदावर वेलिंकर. गाव सुटतं, पिढ्या मुंबईत जातात, मुलगा केंब्रिजला जातो, आकाशात जातो, तरी आडनावाच्या शेपटीला गाव बांधलेलं. आम्हा कोकणी मुसलमानांतही गावावरून आलेली अशी 'कर' आडनावं घरोघर आहेत. माझ्या आईच्या माहेरचं तसंच. म्हणून असेल, त्या जर्मन क्रॉसवरची ती दोन अक्षरं मला ओळखीची वाटली. एका अनोळखी माणसानं, शत्रूच्या माणसानं, मरणाऱ्याच्या तोंडून ऐकून किंवा रक्तानं भिजलेला कागद वाचून ती उतरवली असतील. हा माझा तर्क, पण नाव कुठून तरी आलंच असणार.

आज वेलिंकरांची कबर उत्तर फ्रान्समध्ये अमियाँजवळ हांगार गावच्या दफनभूमीच्या वाढीव भागात आहे. फ्रेंच लोक त्या गावाला 'आँगार' असं काहीसं म्हणतात. मराठी कानाला ते चटका लावून जातं. युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगानं सगळ्यांना एकाच मापाचे दगड दिले. जनरल असो की शिपाई. आणि घरच्यांना मुभा दिली की दगडाच्या पायथ्याशी आपल्या मनातली एक ओळ कोरून घ्या. मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. अक्षरामागे साडेतीन पेन्स. मी आयुष्यभर ओळी मोजत आलेला माणूस. पण शोकाला असं माप आणि असा दर लावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

इंद्रलाल रॉय यांच्या कबरीवर बंगालीत मजकूर आहे. ही शूराची समाधी, मान राखा, हात लावू नका, अशा अर्थाचा. फ्रान्सच्या एका खेड्यात बंगाली अक्षरं पावसात भिजत शंभर वर्षं उभी आहेत. वेलिंकरांच्या दगडावर इंग्रजीत आहे, साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या स्मृतीस, अशा अर्थाचं. त्या घराला दोष द्यायचा नाही. मुलगा केंब्रिजचा, काळ १९२० च्या आसपासचा, दगड सायबाच्या हातचा, दुःखाची भाषाही मग सायबाची झाली. पण ज्या साम्राज्यानं आधी दार उघडायला खळखळ केली, त्याचंच नाव दगडावर आलं आणि गावाचं, शहराचं, भाषेचं आलं नाही, हे मला टोचतं. बंगाल्यांनी आपला मुलगा आपल्या अक्षरांत ठेवला. आपण ठेवला नाही.

हे फक्त दगडापुरतं नाही. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीत पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तीही 'वापिटी' नावाच्या चार दुपंखी विमानांनिशी. आपल्याकडे हवाई दलाचा इतिहास सांगताना बहुतेक इथूनच सुरुवात होते. त्याआधी चौदा वर्षं एक मुंबईकर लढाऊ विमानात बसून गेला होता, हा धागा सुटून जातो. आमच्या नवी मुंबईत ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं, तेही हवाई दलाचं, सी-२९५ जातीचं. वर्षभरानं विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा तारीख नेमकी ८ ऑक्टोबर होती. उलव्याच्या टेकडीचं शिर कापून, नदीचा प्रवाह वळवून ही सपाट जागा झाली आहे. आता आमच्या बाजूच्या मुलांना आभाळात विमान दिसलं की ती मान वर करत नाहीत.

डॉल्फिनची दोन हजारांहून अधिक विमानं तयार झाली होती. युद्ध संपल्यावर ती झपाट्यानं मोडीत गेली. एकही संपूर्ण विमान उरलं नाही. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमनं मूळचे जुने भाग गोळा करून एक पुन्हा उभं केलं आहे. बाकी जगात आहेत ते माझ्यासारख्यांच्या कपाटावरचे, पाव इंचाला एक फूट.

आमचं विमान सागवानाच्या एका फळीवर बसवलं आहे. फळीच्या पुढच्या कडेवर मुलीनं बारीक कुंचल्यानं देवनागरीत लिहिलं: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर, मुंबई. ३० जून १९१८. तिनं अक्षर इतकं नेटकं काढलं की खाली जागा उरली. "अब्बा, इथं अजून एक ओळ बसेल," ती म्हणाली. मी पट्टी लावून पाहिली. ६६ अक्षरं बसतात. ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.